दोरकड्याचा धोंडा

दोरकड्याच्या टोकावर पुरुषभर उंचीचा एक काळा धोंडा उभा आहे. त्याच्या दरीकडच्या अंगाला खाचा पडल्या आहेत, बोट बुडेल इतक्या खोल. खाली सरळ तुटलेला कडा, कड्याच्या पोटाला लटकलेली आग्या मोहोळे, आणि तळाशी भाताचे एक खाचर. आजूबाजूची सगळी खाचरे राबलेली; हे एकच गवताने माजलेले. पर्यटक येतात, धोंड्याला टेकून फोटो काढतात आणि पुढच्या पॉइंटकडे पळतात. खाचा कशाच्या, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

आम्ही चौघे होतो. त्यातले शार्दूल आणि निनाद हे भाऊ कडा उतरायची सामग्री घेऊन आले होते. शार्दूल उतरणार, निनाद वरून दोर सांभाळणार. आमचे वाटाडे नवसूबाबा मेंगाळ, सत्तरीतले ठाकर, सकाळपासून मजेत होते. किल्ल्याखालची महादेव कोळ्यांची वाडी, पठारावरचे धनगरवाडे, कड्याच्या कुशीतली ठाकरांची घरे, प्रत्येकाचे देव वेगळे, नाच वेगळे, हे सगळे दाखवत आम्हाला त्यांनी इथवर आणले. शार्दूलने कमरेचा पट्टा आवळला आणि दोराचे टोक दरीत सोडले, तेव्हा मात्र त्यांनी विचारले, "दोर धरनारा ह्यो तुजा कोन?"

"भाऊ. सख्खा."

नवसूबाबांनी निनादच्या हातातला दोर काढून जमिनीवर टाकला आणि ते त्यावरच बसले. "मग आधी ऐका."

फार पूर्वी या कड्यावरचा मध ठमा नावाचा ठाकर काढत असे. अंबाडीच्या वाखाचा दोर कमरेला बांधून तो उतरायचा आणि वर धोंड्याला वेढा देऊन त्याचा धाकटा भाऊ सावळ्या दोर धरायचा. दोराला एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे वर ओढ. कड्यावर सात पोळी असत. सहा माणसांची, सातवे सगळ्यांत खालचे, ते कड्याचे. त्याला कोणी धूरसुद्धा दाखवत नसे.

एका चैत्रात कुणी सरदार पठारावर राहुटी ठोकून राहिला. शिकार नाही, वसुली नाही. झाडी बघायची, वारा खायचा. या डोंगराला नुसते बघायला आलेला तो पहिला माणूस, असे सांगतात. त्याला सातवे पोळे दिसले. ते मला आणून द्या, तो म्हणाला, खालचे खाचर तुमच्या घराच्या नावे करतो. ठाकरांकडे तेव्हा स्वतःची वीतभर जमीन नव्हती.

ठमा तयार झाला. त्याची बायको हळदा नको म्हणत होती. तिचा भाऊ कोमा पाहुणा आलेला होता. तो म्हणाला, "दाजी, आज दोर मी धरतो."

ठमा हसला. "तू? तुला शेरडू धरता येत न्हाय, मला काय धरशील! भाऊ हाय की माजा."

सगळे हसले. सावळ्याही हसला, आणि ठमा उतरला.

सातव्या पोळ्याच्या माश्यांना धूर माहीत नव्हता. त्या पांगल्या नाहीत, उठल्या. वरच्या लोकांना आधी नुसता आवाज ऐकू आला, मग दोराला तीन हिसके बसले. हळदाने ते डोळ्यांनी पाहिले. सावळ्याचे हात दोरावर होते आणि नजर खाली खाचरावर होती. ठमाला मूल नव्हते. सावळ्याने दोर सोडला नाही, हे सगळेच सांगतात. तो फक्त थांबला म्हणे, एक पान खाऊन होईल इतकाच वेळ.

पुन्हा तीन हिसके बसले. कोमा धावला, त्याने सावळ्याला ढकलून दोर ओढला. दोर हलका आला. टोक तुटलेले नव्हते. गाठ सोडलेली होती. डंखांनी वेड्या झालेल्या माणसाने ती आपल्याच हाताने सोडली होती.

"म्या दोर सोडला न्हाय, वहिनी," सावळ्या म्हणाला.

"सोडला न्हाईस," हळदा म्हणाली, "पन वढलाबी न्हाईस."

तिने धोंड्यावर हात ठेवून सांगितले की यापुढे या कड्यावर दोर भावाच्या हाती द्यायचा नाही. ज्याच्या बहिणीचे कुंकू दोराला लटकले आहे, त्यानेच तो धरायचा.

पोळे हाती आले नाही, तरी सरदाराने शब्द पाळला. खाचर सावळ्याला मिळाले. त्या पावसाळ्यात भात छातीएवढा वाढला, लोंब्या वाकल्या, आणि मळणीला एक दाणा निघाला नाही. नुसता पोचट भुसा. त्यानंतर सावळ्या रोज दिवस कलताना इथे येऊन रिकामा दोर दरीत सोडायचा. दोराला तीन हिसके बसायचे म्हणे, आणि मग तो जिवाच्या आकांताने ओढायचा. दोर हलकाच यायचा. धोंड्यावरच्या खाचा त्या दोराच्या.

एके दिवशी खालच्या वाडीतल्यांनी त्याला आनंदाने ओरडताना ऐकले. "जड लागतंय! दादा आला, दादा आला!" लोक वर पोचले तेव्हा दोराचा वेढा धोंड्याला होता. सावळ्या नव्हता.

नवसूबाबा दोरावरून उठले. मग निनादकडे बघून म्हणाले, "भाऊ वाईट असतो आसं न्हाय रं पोरा. पर थांबंपतुर त्यालाबी ठावं नसतं का आपुन थांबनार हाय."

शार्दूलने पट्टा सोडायला घेतला.

"दादा, तुला खरंच वाटतं मी…"

"वेडा आहेस का," शार्दूल म्हणाला. पण पट्ट्यावरचे त्याचे हात थांबले नाहीत, आणि त्याने निनादकडे पाहिलेही नाही. गावात त्यांचे एक घर आहे, दोघांच्या नावावरचे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते.

तेवढ्यात जमिनीवरचा दोर हलला. एकदा, दोनदा, तीनदा. वारा होता, असणारच. पण निनादने झडप घातली आणि हात सोलवटेपर्यंत, ओठ चावत, तो सगळा दोर वर ओढला. टोकाला काही नव्हते.

आजही चैत्रात ठाकर इथे मध काढतात आणि सातव्या पोळ्याला हात लावत नाहीत. उतरणारा काठावर पाठमोरा उभा राहून तीन वेळा विचारतो, "दोर कोनाचा?" आणि धोंड्यामागून त्याचा मेव्हणा तीन वेळा उत्तर देतो, "बहिनीचा." तिसरे उत्तर आल्याशिवाय कोणी पाय खाली टाकत नाही.