रिफ्रेश करण्याआधी

एकदा एका बाजारपेठेच्या गावी संगणक दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांच्याकडे शिकणारा शिष्य हुशार होता, पण त्याचा हात विचाराच्या पुढे धावे. कोणाचा व्हिडिओ अडकला की तो पान रिफ्रेश करी, ब्राउझरची साठवण पुसून टाकी आणि बहुतेक वेळा व्हिडिओ चालूही होई. यश असं सहज मिळू लागलं की माणूस समोरच्याचं ऐकणं सोडतो. त्याचं तसंच झालं होतं.

एके सकाळी बांगड्यांचे एक व्यापारी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलत दुकानात आले. त्यांची पत्नी दिवाळीनंतर वारली होती. महिला मंडळाच्या संकेतस्थळावर तिचा एक व्हिडिओ होता. कुरडया कशा घालाव्यात, हे ती त्यात सांगत होती. तिचा आवाज म्हणून जगात तेवढाच उरला होता.

"कालपासून अर्ध्यावर येऊन नुसतं गोल फिरतंय," व्यापारी म्हणाले. "म्हणून लॅपटॉप बंदच केला नाही. भावाला लिंक पाठवली, तर त्याच्याकडे उघडतसुद्धा नाही म्हणे."

"होऊन जाईल, शेठ." शिष्याने दुकानाची इंटरनेटची वायर जोडली. "आधी रिफ्रेश मारतो."

"हात काढ!"

गुरुजी एवढ्या मोठ्याने ओरडलेले त्याने कधी ऐकले नव्हते. त्यांनी धावत येऊन वायरच उपटून टाकली.

शिष्य थिजला. व्हिडिओ चालवायचा आणि इंटरनेटच तोडायचं? गुरुजींना भ्रम तर झाला नाही ना? व्यापाऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गुरुजींनी मात्र आपला मोबाइल पडद्यासमोर धरला, रेकॉर्डिंग लावलं आणि व्हिडिओ सुरुवातीपासून लावला.

तो चालला! "चीक गरम आहे तोवरच सोऱ्यात भरायचा हं," पडद्यावरची बाई म्हणाली, "गार झाला की बसा रडत!" आणि खळखळून हसली. पुढचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

गुरुजींनी रेकॉर्डिंग तपासलं आणि वायर शिष्याच्या हाती दिली. "आता मार रिफ्रेश."

पडदा काळा झाला. त्यावर एकच ओळ उमटली: हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही.

व्यापाऱ्यांनी मंडळात फोन लावला. संकेतस्थळावरचं जुनं सारं काल काढून टाकलं होतं, प्रत कोणीच ठेवली नव्हती.

"भावाकडेही उघडत नाही, हे शेठ तुझ्यासमोरच बोलले," गुरुजी म्हणाले. "तेव्हाच मला वाटलं, दोष या यंत्रात नाही, मूळ व्हिडिओच गेला असावा. जेवढा आधी उतरला होता, तेवढा या उघड्या पानात शिल्लक होता. वायर राहिली असती तर पानाने आपणहूनही नवं मागितलं असतं आणि हातचं घालवलं असतं. बिघडलं काय, हे सगळेच शोधतात रे. आधी शाबूत काय आहे ते पाहावं, ते जपावं आणि मग हात घालावा."

"पण अर्धाच राहिला," शिष्य कसाबसा म्हणाला.

व्यापारी गुरुजींचा मोबाइल कानाशी धरून रेकॉर्डिंग ऐकत होते. "असू दे रे," ते म्हणाले. "हसते तिथवर आहे ना ती."

शिष्याने आपले दोन्ही हात टेबलावरून काढून घेतले.