शार्दूलची पोरं

घोडे अजून बोलायचे त्या काळी ट्राकेनर जातीच्या घोड्यांच्या तबेल्यात शार्दूल नावाचा वळू घोडा होता. त्याची पोरं बघून घोड्यांची पारख करणाऱ्या पंचांनी पसंती दिली, तरच त्याचा वंश पुढे चालणार होता.

"माझीच मान, माझीच चाल उतरलीय त्यांच्यात," तो सकाळपासून सांगत होता.

पंच आले, तर कुरण रिकामं. फाटकाची कडी ओठांनी उघडून त्याची सातही शिंगरं शेजारच्या गाजरांच्या शेतात शिरली होती.

"ही माझी नव्हेत," शार्दूल फुरफुरला.

शेजारच्या ठाणावरची म्हातारी घोडी म्हणाली, "अरे, रोज दुपारी कडी काढून तू कुठे जातोस, ते मी बघते."

शार्दूलने मान खाली घातली. मग ओठांनी आपली कडी काढली आणि गाजरांत जाऊन पोरांना म्हणाला, "पाल्याला धरून ओढा, अख्खं येतं."

थोरले पंच हसले. "पसंत. अक्कलही बापाचीच उतरलीय."