साडेएक वाजले

घड्याळे एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. विश्राम घड्याळजीने काटे नसलेले मनगटी घड्याळ केले. एका खिडकीत 'सव्वा', 'साडे' किंवा 'पावणे' येई, दुसरीत तास. दिवसभरात चुकले, तर ते मोडायचे ठरले होते.

दुपारी दीडला खिडक्यांत आले, 'साडे एक'.

"अरे बाळा, दीडला साडेएक म्हणतोस?" भिंतीवरचे घड्याळ खदखदले.

"पण वेळ बरोबर आहे ना, आजोबा?" छोटे घड्याळ रडवेले झाले.

आजोबा इतके हसले की त्यांचा लंबकच थांबला.

विश्राम पेचकस घेऊन आला, तर आजोबांची टिकटिक बंद. त्याने छोट्या घड्याळात पाहिले, गालात हसला आणि आजोबांचे काटे दीडवरच आहेत हे त्यावरून पडताळून लंबक पुन्हा हलवला. पेचकस ठेवून छोटे घड्याळ मनगटावर बांधले.

तासाभराने 'साडे दोन' आले. आजोबांनी मुकाट्याने अर्ध्या तासाचा एक ठोका दिला.