सगळेच लुडोल्फ

एकदा काय झालं, दूर तिकडे जर्मनीत, काळ्याभोर रानाच्या काठी एक राजघराणं नांदत होतं. राज्य म्हणाल तर एवढंसं. गच्चीवर उभं राहिलं की सगळं दिसायचं. पण रुबाब केवढा, बरं का. आणि त्या घरात मुलगा झाला की त्याचं नाव लुडोल्फच. आजोबा लुडोल्फ, काका लुडोल्फ, पुतणे लुडोल्फ. ओळखायचे ते आकड्यावरून, पहिला, दुसरा, तिसरा असं. एकाला जेवायला हाक मारली की अख्खा किल्ला ताटावर हजर.

त्या घरात इर्मगार्ड नावाची सून आली. तिला मुलगा झाला. तिला वाटलं, याला आपण वेगळं नाव ठेवावं. सासरे म्हणाले, "सूनबाई, आपल्यात लाडाची नावं नसतात. नाव बदललं की घराणं बुडालंच म्हणून समजा."

मग बाळाचं नावही लुडोल्फच ठेवलं. पण बाळ कुशीत चिवचिव करायचं, तेव्हा ती त्याच्या कानात हळूच म्हणायची, "चिमण्या."

बाळ चालायला लागलं. एका संध्याकाळी रानातून धुक्याची म्हातारी आली. पांढरी, मऊ, पिंजलेल्या कापसासारखी. तिने पोराला पदराखाली घेतलं आणि ती रानाकडे निघाली. इर्मगार्ड धावत सुटली.

म्हातारी म्हणाली, "तीन हाका मार. ज्याचं नाव घेशील तो येईल. तुझं पोर नाही आलं, तर ते माझं."

इर्मगार्डने हाक मारली, "लुडोल्फ!" मग काय, किल्ल्यातले सगळे लुडोल्फ धावत आले. कुणाच्या हातात चमचा, कुणाच्या पायात एकच बूट. पोर काही आलं नाही.

तिने पुन्हा हाक मारली, "लुडोल्फ रे..." मग तसबिरींमधले जुने लुडोल्फ खाली उतरले. मिशांवरची धूळ झटकत, तलवारी सावरत तेही येऊन उभे राहिले. पोर काही आलं नाही.

सासरे घाबरून म्हणाले, "सूनबाई, आकडा सांगा, आकडा."

एवढंसं लेकरू ते, त्याला कुठला आकडा ठाऊक? इर्मगार्डला रडू फुटलं. बुडालं घराणं तर बुडू दे, असं तिला वाटलं. आणि तिने सगळ्यांदेखत हाक मारली, "चिमण्या, ये रे माझ्या चिमण्या."

आता एकही लुडोल्फ हलला नाही. हललं ते धुकं. त्यातून आधी इवलासा हात आला, मग ओलं नाक, मग अख्खा चिमण्या. तो आईच्या गळ्यातच पडला. म्हातारी विरघळून गेली.

मग सर्वांत जुना लुडोल्फ, कमरेपर्यंत दाढी असलेला, लाजत लाजत पुढे आला. म्हणाला, "सूनबाई, माझी आईसुद्धा मला काहीतरी म्हणायची. आता आठवत नाही."

इर्मगार्डला भरून आलं. तिने त्याची दाढी नीट केली आणि ती म्हणाली, "सोनुल्या म्हणत असेल."

म्हातारा हसला, तसबिरीत परत गेला आणि गाढ झोपला. मग बाकीच्यांनी रांग लावली. ज्याला नाव मिळालं तो जांभई देत निघून गेला. आणि रांगेत सगळ्यांत शेवटी कोण होतं ठाऊक आहे? सासरे. त्यांना काय नाव मिळालं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण त्या रात्री तेही सुखाने झोपले.

तुम्हालाही आई लाडाने काहीतरी म्हणतेच की. ते आठवा, आणि मिटा बघू डोळे.