काडेपेटीतला बझर

“अजून किती वेळा काढू, आणि किती वेळा बसवू, आक्का?”

श्रीरंगने स्क्रू-ड्रायव्हर सतरंजीवर ठेवला. तीन दिवसांत त्याची बोटं काळी झाली होती. समोर कॉम्प्युटरचा डबा एका कुशीवर उघडा पडला होता.

मठाच्या ओसरीत दुपारचं ऊन आलं होतं. भागीरथीआक्का भिंतीला टेकून डाळ निवडत होत्या. मठ त्यांच्या गुरूंनी माळावर बांधलेला. मठात येण्याआधी तीस वर्षं आक्का आसपासच्या वाड्यांवर सुईणीचं काम करत होत्या. गुरू गेल्यावर लोक त्यांच्याकडेच यायला लागले.

श्रीरंग पुण्याची नोकरी सोडून आला होता. त्यालाही तीन वर्षं झाली.

“काय होतंय त्याला?” आक्कांनी विचारलं.

“काही होत नाही, हेच होतंय. पंखे फिरतात, दिवा लागतो, पडदा काळा तो काळाच.”

“आधी चालत होता.”

“रांगत होता. म्हणून तर मेमरीच्या नव्या पट्ट्या घातल्या.”

“मग त्या काढ.”

“काढल्या. जुन्या परत घातल्या, एकेक घालून बघितली, पुसून बघितल्या, जागा बदलून बघितल्या…” तो थांबला. “पट्ट्यांतच आहे काहीतरी. मी दुसऱ्या कशाला हातच लावलेला नाही.”

“तालुक्याच्या दुकानातल्याला बोलावू?”

“त्याला काय कळतंय? त्यालाच मी शिकवीन.”

आक्कांनी डाळीत बोट फिरवलं. एक खडा काढून त्यांनी अंगणात टाकला.

डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर उद्यावर आलं होतं. एकवीस म्हाताऱ्या माणसांची यादी त्या डब्यात होती. कुणाचा कुठला डोळा, कुणाला साखर, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, सगळं. दवाखान्याची गाडी संध्याकाळी यादी न्यायला येणार होती. यादी नसेल तर डॉक्टर दुसऱ्या गावाला जाणार होते. परत येणार ते वर्षानं.

कागद होते. श्रीरंगने टाइप करून झाल्यावर ते चुलीत घातले. एकच गोष्ट दोन ठिकाणी कशाला, म्हणाला होता.

पायरीवर सत्याप्पा बसले होते. शिबिरासाठी धनगरवाड्याहून कालच चालत आलेले. काठी मांडीवर आडवी.

“जेवलास का?” आक्कांनी विचारलं.

“भूक नाही.”

“झोपलास?”

“आक्का, मला काही झालेलं नाही. कॉम्प्युटरला झालंय.”

“बरं.”

आक्कांनी सूप एकदा पाखडलं.

“सत्याप्पा सकाळी दोनदा येऊन विचारून गेला तुला,” आक्का म्हणाल्या.

“नाव आहे का म्हणून. हाय की, म्हटलं.”

“बघून म्हटलंस?”

“बघणार कशात?”

“मघापासून विचारत नाही तो.”

“बरं झालं. एक डोकेदुखी कमी.”

“बरं झालं?…”

श्रीरंगने एक पट्टी पुन्हा दाबून बसवली. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

आक्कांचा हात सुपातच थांबला.

“हे पूर्वी टुक करायचं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“सुरू झालं की. एकदाच. पहाटे माझ्या खोलीत ऐकू यायचं. आता का करत नाही?”

“तो बझर. मी काढला तो. पट्ट्या घालायला डबा उघडला, तेव्हाच.”

“मोडला होता?”

“नाही.” श्रीरंगने पाठ ताठ केली. “आपलं पहाटेचं मौन असतं. सगळे बसलेले, आणि हे मध्येच टुक. एकदा तर तुम्ही दचकलात.”

“दचकले नव्हते. हसले होते.”

“… तरी मौन मोडतंच ना.”

“कुठंय तो?”

श्रीरंगने खिडकीतली काडेपेटी उचलली. आत शेंगदाण्याएवढा काळा ठोकळा होता, त्याला दोन बारीक वायरी. आक्कांनी हात पुढे केला. त्याने तो तळहातावर ठेवला.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. जुन्या सुईणीचा हात तो, बोटं वाकडी झालेली.

मग त्यांनी हात तसाच त्याच्यापुढे धरला.

“लाव.”

“त्याने काय होणार? हा नसला तरी कॉम्प्युटर चालतो, आक्का.”

“चालतोय का?”

श्रीरंगने ठोकळा उचलला. वाद घालायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्याने वायरी बसवल्या आणि बटण दाबलं.

टूऽऽऽत. टुत. टुत.

पायरीवर सत्याप्पांनी मान वळवली.

टूऽऽऽत. टुत. टुत.

श्रीरंगने बोटांवर मोजलं.

“काय म्हणतंय?” आक्कांनी विचारलं.

“बिघाड कुठं ते हा असा मोजून सांगतो. एक लांब, दोन आखूड…” त्याचा आवाज खाली आला. “बिघाड मेमरीत नाही म्हणतंय. पडदा चालवणाऱ्या कार्डात म्हणतंय.”

“त्याला तू हात लावलास?”

“नाही.”

“मग?”

त्याने विजेची वायर काढली आणि वाकून आत पाहिलं. पट्ट्यांच्या शेजारीच ते कार्ड होतं. पट्टी बसेना म्हणून त्याने अंगठ्यांनी जोर दिला होता. तेव्हा मनगट कशाला तरी टेकलं होतं. आता आठवलं. कार्ड एका बाजूनं वर आलं होतं. किती? नखाएवढं.

“नवं बसवताना जुन्याला धक्का लागला,” तो म्हणाला. स्वतःशीच म्हणाला.

“तीन दिवस झाले त्याला.”

“हो.”

“त्याला सांगता येत होतं.”

“… हो.”

त्याने कार्ड दाबलं. बारीकशी खट झाली. विजेची वायर परत जोडून बटण दाबलं.

टुक.

पडदा उजळला. श्रीरंगने तोंडावरून हात फिरवला, काळी बोटं कपाळाला लागली. त्याला हसू आलं नाही, नुसता श्वास सुटला. यादी उघडली.

“आजोबा,” त्याने पायरीकडे वळून हाक दिली. “आहे तुमचं नाव. सातवं. सत्याप्पा बिरू हराळे, उजवा डोळा.”

“डावा वो,” सत्याप्पा म्हणाले.

“काय?”

“उजवा गेल्या साली झाला न्हवं. डावा ऱ्हायलाय. त्येच सांगाय आलतो सकाळी. तुमी आपलं हाय की, हाय की करताय. म्हटलं, शिकल्याला माणूस, आपुन कशाला मधी बोला.”

श्रीरंगचा हात कीबोर्डवरच राहिला…

“मग उद्या टेबलावर निजल्यावर सांगणार होतास का?” आक्कांनी विचारलं.

“तिथं तर आनिक शिकल्याली मान्सं असत्यात, आक्का.”

आक्का हसल्या. श्रीरंग उठला. पायरीवर जाऊन सत्याप्पांच्या शेजारी बसला.

“आजोबा, अजून काही राहिलंय सांगायचं?”

“ऱ्हायलंय की. ती पिवळी गोळी दिली की अंगावर गांदी उठत्यात, खाज सुटती.”

“हे आधी कुणी विचारलं नाही?”

“तुमीच इचारलंत. मी सांगाय लागलो, तंवर तुमी फुडचं नाव घेतलं.”

श्रीरंग आत गेला. ‘उजवा’ पुसून त्याने ‘डावा’ लिहिलं. गोळीचं लिहिलं. मग पहिल्या नावापासून यादी वाचत गेला. मठात कालपासून आलेले आणखी चारजण होते. त्यांना एकेकाला बोलावून त्याने पुन्हा विचारलं, आणि बोलणं संपेपर्यंत थांबला. एका म्हातारीला फार वेळ लागला. तिच्या सुनेचंही त्यात आलं.

गाडी येऊन यादी घेऊन गेली तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं. डाळ निवडून झाली होती.

डब्याचं झाकण लावायला श्रीरंग बसला. चार स्क्रूंपैकी तीन लावले. चौथा हातात धरून थांबला. आत त्या दोन बारीक वायरी दिसत होत्या.

“आक्का.”

“हं.”

“हा राहू दे, की काढू? उद्या पहाटे सगळे मौनात बसलेले असतील, आणि हा ओरडेल.”

आक्का भिंतीला धरून उठल्या. सूप काखेत घेतलं. चुलीकडे जाता जाता उंबऱ्यापाशी थांबल्या.

“तीस वर्षं बाळंतपणं केली मी, श्रीरंग. मूल रडलं की मगच खोलीत शांतता व्हायची.”