चार वेळा ‘नाही’

खासदार इंदुमती सोनटक्के जन्मापासून आंधळ्या. संसदेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या. बसमध्ये पुढचा थांबा मोठ्याने सांगितलाच पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. परिवहनमंत्री घोरपड्यांना ती उगाचची कटकट वाटत होती.

अध्यक्षांनी आवाजी मतदान घेतलं. आधी ‘होय’ झालं. मग ‘नाही’चा असा गलका उठला, की मागणी फेटाळली असं सांगायला अध्यक्षांनी तोंड उघडलंच होतं.

बाई उठल्या. “अध्यक्ष महाराज, गलका मोठा होता, माणसं थोडी होती. मंत्रिमहोदय एकटेच चार वेळा ‘नाही’ म्हणाले. शेवटी तर आवाज बदलून.”

सभागृहात खसखस पिकली. घोरपडे लालबुंद झाले. “बाई, तुम्हाला दिसत नाही. कोण काय म्हणालं, ते तुम्ही आम्हाला सांगणार?”

“साहेब, हे आवाजी मतदान आहे. इथे डोळ्यांचं काय काम?”

अध्यक्षांनी डोकी मोजायला लावली. ‘होय’वाले नऊने जास्त निघाले. आकडा वाचला गेला, तेव्हा कुठे बाई खाली बसल्या. घोरपडे एक शब्द बोलले नाहीत, आणि बाईंना तेही स्पष्ट ऐकू आलं.