कानशीचे दोन हात

ही गोष्ट इतकी जुनी आहे की ज्या राजाच्या राज्यात ती घडली, त्याचे नावही आता कोणाला आठवत नाही. मुलांनो, नीट ऐका. आणि मुलांच्या मागे बसून कान टवकारणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका, कारण गोष्ट खरे तर तुमच्यासाठी आहे.

नदीकाठच्या एका गावात घंटा ओतणारा एक कारागीर होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. तांबे आणि कथील मुशीत वितळवून मातीच्या साच्यात ओतायचे आणि साचा फोडून घंटा बाहेर काढायची, हे काम त्याच्यासारखे कोणालाच जमत नसे. घंटा खणखणीत आहे की बद्द, हे तो एका टोल्यात सांगे.

त्याच्याकडे एक मुलगा काम शिकायला आला. मुलाला वडील नव्हते. आई नदीच्या कोरड्या पात्रात, दुसऱ्यांच्या कलिंगडांच्या वाडीत मजुरी करी. वाळूने तिचे तळपाय भाजून निघत. घरून निघताना मुलगा म्हणाला, "आई, मी कारागीर झालो की तू वाळूत पाऊल टाकायचं नाहीस."

"आधी नीट शीक तर खरं," आई म्हणाली आणि पदराने त्याचे तोंड पुसले.

त्या गावची एक रीत होती. शिकणाऱ्या मुलाला दोन वेळची भाकरी आणि वर्षाला कपड्यांचा एक जोड मिळे, बाकी काही नाही. पण त्याने एकट्याने ओतलेली घंटा वाजवून वस्ताद चारचौघांत म्हणाला, की "हिला माझा हात लागायची गरज नाही," तर त्या दिवसापासून तो मुलगा कारागीर ठरे आणि प्रत्येक घंटेमागे त्याला वाटा मिळे. ते वाक्य फक्त वस्तादानेच म्हणायचे असे. रीत तशी वाईट नव्हती. पण सगळी मदार एका माणसाच्या सचोटीवर होती.

पहिली दोन वर्षे मुलाच्या घंटा खरेच बद्द वाजल्या. त्याने त्या निमूटपणे फोडल्या आणि पुन्हा मुशीत टाकल्या. तिसऱ्या वर्षी मात्र त्याने एक घंटा ओतली. वस्तादाने टोला दिला आणि आवाज पार विरेपर्यंत तो ऐकत राहिला. घंटेत कसलाच दोष नव्हता. मुलगा श्वास रोखून उभा होता.

वस्तादाच्या मनात आले, आज हो म्हटले की उद्यापासून याला वाटा द्यावा लागणार. आणखी एक वर्ष थांबले तर काय बिघडले?

त्याने कानस उचलली, घंटेच्या काठावर दोन हात फिरवले आणि पुन्हा टोला दिला.

"आता झाली," तो म्हणाला. "मघाशी जरा बद्द होती."

"पण वस्ताद, मला तर दोन्ही आवाज सारखेच वाटले."

"म्हणून तर तू शिकतोयस आणि मी शिकवतोय!"

मुलगा खाली मान घालून भाता ओढायला गेला. ती घंटा वस्तादाच्या नावाने विकली गेली.

एक वर्ष म्हणता म्हणता सहा वर्षे गेली. मुलगा घंटा ओती, वस्ताद कानशीचे दोन हात फिरवी आणि म्हणे, "आता झाली." मुलाला आधीच्या आणि नंतरच्या आवाजात कधीच फरक ऐकू आला नाही. कसा येणार? फरक नव्हताच. सुरुवातीला त्याला वाटे, वस्ताद चुकत असतील. मग वाटू लागले, आपणच चुकत असू. शेवटी त्याला काही वाटायचेच बंद झाले.

वस्तादाच्या बायकोला हे दिसत होते. एकदा नवऱ्याला वाढताना ती म्हणाली, "अहो, गावोगाव त्या पोराच्या घंटा वाजताहेत. द्या की त्याला त्याचं!"

"मला माझ्या वस्तादाने आठ वर्षं राबवलं," तो म्हणाला. "मी मेलो का?"

"मेला नाहीत. पण तेव्हाचा राग अजून जिरलेला नाही तुमचा. तो या लेकराने का भोगायचा?"

वस्तादाने ताट पुढे सारले आणि हात धुतले. 

सणाला मुलगा घरी गेला, तेव्हा आईने विचारले, "अजून किती दिवस रे?"

"माझा कानच खोटा आहे, आई. हात चालतो, पण कान नाही."

"असं कसं? लहानपणी कुंभाराकडे मी तुला मुद्दाम घेऊन जायची. टिचकी मारून सांगायचास, हे मडकं धड, ते फुटकं. एकदाही चुकला नाहीस."

"मडक्यांचं निराळं असतं," मुलगा म्हणाला. आईने त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. मुलगा हुशार होता की नाही हा तिचा प्रश्न नव्हता, त्याचा चेहरा असा विझला का, एवढेच तिला कळत नव्हते.

आता त्या नदीचा एक वाईट गुण होता. वर डोंगरात वळीव कोसळला की इकडे कडक ऊन असतानाच पाण्याचा लोंढा येई. पात्रातल्या वाड्यांत बायाबापड्या कामाला असत. त्यांना वेळेवर कळावे म्हणून काठावर मोठी घंटा टांगायचे गावाने ठरवले. काम अर्थात वस्तादाकडे आले.

पण वस्तादाची एक गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. उतारवयात त्याचे कान गेले होते. ओठ बघून तो माणसांचे बोलणे ओळखी, घंटेला मात्र ओठ नसतात. गावात हसू होईल म्हणून त्याने हे बायकोलाही सांगितले नव्हते.

घंटा मुलानेच ओतली. आता तो वीस वर्षांचा झाला होता. साचा फोडला, घंटा सोन्यासारखी चमकली. त्याने टोला दिला, कान जवळ नेला आणि पुन्हा एक टोला दिला. आवाज शेवटी शेवटी थरथरत होता. आत कुठेतरी चीर होती.

तो वस्तादाकडे गेला. "वस्ताद, मला ही बद्द वाटतेय. आत चीर असावी. फोडून पुन्हा ओतू का?"

गावकरी भोवती जमले होते. वस्तादाने टोला दिला. त्याला काहीही ऐकू आले नाही. त्याने लोकांचे चेहरे पाहिले. एवढी मोठी घंटा पाहून सगळे खूश होते. मग त्याने कानस घेतली, काठावर दोन हात फिरवले आणि तो म्हणाला, "आता झाली. टांगा."

मुलाला आवाज अजून तसाच ऐकू येत होता. तरी तो घंटा टांगायचा दोर आणायला गेला. आपल्याला बद्द वाटते म्हणजे ती चांगलीच असणार, असे त्याने स्वतःला समजावले. ज्याला ऐकू येत होते त्याचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता, आणि ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता त्याला ऐकू येत नव्हते.

वैशाखात एका दुपारी लोंढा आला. घंटेपाशी बसवलेल्या राखणदाराने जीव खाऊन टोला मारला. दुसऱ्याच टोल्याला घंटा तळापासून वरपर्यंत चिरली. मग तो मारत राहिला आणि ती फुटक्या हंड्यासारखी वाजत राहिली. जवळच्या वाड्यांतल्या लोकांना ऐकू गेले, ते काठावर पळाले. लांबच्या वाडीत सात बाया काम करत होत्या. त्यांतली एक मुलाची आई होती. भट्टीवरून धावत तो काठाला पोचला तेव्हा पात्रात नुसते पाणी होते.

तेराव्या दिवशी वस्ताद बायकोबरोबर मुलाच्या झोपडीत आला.  त्याने एक जड पिशवी मुलापुढे ठेवली आणि तो जमिनीवर बसला.

"तुझा कान खरा होता, पोरा. तिसऱ्या वर्षापासून खरा होता. मी तुझा वाटा दाबला. सहा वर्षांचा सगळा यात आहे."

मुलाने पिशवीकडे पाहिले. 

"हे मी आता कोणाला नेऊन देऊ, वस्ताद?" त्याने विचारले.

वस्तादाची बायको तोंडात पदर कोंबून रडू लागली. वस्तादाला शब्द ऐकू आले नव्हते, पण ओठ दिसले होते. तो तिथून उठला, तो पुन्हा कधी भट्टीवर गेला नाही.

गावाने मुलाला भट्टी देऊ केली. त्याने घेतली नाही. तो काठावर राहिला आणि लोंढ्यावर नजर ठेवू लागला, कारण डोळ्यांवर त्याचा अजून भरवसा होता. गावाला घंटा बाहेरून आणाव्या लागल्या. त्या आल्या की लोक त्याच्याकडे घेऊन जात आणि म्हणत, "बाबा रे, तुझा कान खरा आहे. चांगली आहे का सांग." तो टोला देई, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐके, आणि मग त्यांनाच विचारी, "तुम्हाला काय वाटतं?"

बोध: शिकणाऱ्याचा मोबदला आणि त्याच्या गुणाची पावती वेळेवर द्या, मोबदला उशिरा का होईना चुकता करता येतो, मोडलेला आत्मविश्वास परत देता येत नाही.